चिमटीचे वजन आणि हंगामाचा महिना

आईच्या हातची एखादी हंगामी भाजी लिहून ठेवायची असेल, तर तिला प्रमाण विचारत बसू नये; ती प्रत्यक्ष स्वयंपाक करत असताना शेजारी वजनकाटा ठेवावा आणि मुठीतला प्रत्येक जिन्नस आधी काट्यावरच्या वाटीत टाकायला सांगावा. माझ्या आईचे ‘चिमूटभर’ मीठ अशा रीतीने तोलले, तेव्हा ते ४ ग्रॅम भरले, आणि माझी भाजी इतकी वर्षे अळणी का होत होती, याचा उलगडा झाला. मीठ बारीक होते की जाडे, हेही लिहावे, कारण एकाच चमच्यात बारीक मीठ वजनाने अधिक बसते.

नोंदीत महिना अवश्य घालावा. मटारातील साखरेचे तोडणीनंतर पिष्टात रूपांतर होऊ लागते, शिवाय हंगाम सरत आला की दाणे जून होतात. त्यामुळे सुरुवातीला नुसत्या वाफेवर गोड लागणारी भाजी पुढे थोडी साखर आणि अधिक पाणी मागते. मिनिटांची नोंद मला फारशी भरवशाची वाटत नाही, कारण आच आणि भांडे बदलले की ती चुकते. त्याऐवजी ‘दाणा बोटाने सहज दबला की उतरव’ हे आईचे वाक्य जसेच्या तसे उतरवावे.