लाईट गेल्यावर जिओथर्मल हीट पंप जनरेटरवर चालवायचाय? मग ऑक्टोबरातच एवढं करून ठेवा

आम्ही न्यू हॅम्पशायरला राहतो, घर चार टनाच्या जिओथर्मल हीट पंपवर आहे, म्हणजे जमिनीतली उष्णता खेचून घर गरम करणारं मशीन, बाहेर उणे वीस असलं तरी आत मस्त ऊब. पण लाईट गेली की सगळं ठप्प. इथले जुने लोक अजून डिसेंबर २००८ च्या आइस स्टॉर्मचं बोलतात, बर्फाने झाडं तारांवर पडली आणि एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून जास्त कनेक्शन बंद पडली, काहींकडे दोन आठवडे लाईट नव्हती. आमच्याकडे हिवाळ्यात आई-बाबा येऊन राहतात, त्यामुळे हे मी फार मनावर घेतलंय.

सगळ्यात आधी हीट पंपाची पाटी वाचा. टॉर्च घ्या, पुढचं कव्हर काढायच्या आधी दोन्ही ब्रेकर (पंपाचा आणि त्याच्या आतल्या हीटरचा) बंद करा, आणि पाटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यावर कंप्रेसरचे दोन आकडे असतात, आरएलए आणि एलआरए. आरएलए म्हणजे ढोबळमानाने चालताना जास्तीत जास्त किती करंट घेईल ते, एलआरए म्हणजे सुरू होताना पहिल्या झटक्यात किती ओढेल ते. आमच्या पाटीवर २१ आणि ९६ आहे. सगळी गोम इथेच आहे! एकदा चालू झाला की आमचा पंप जेमतेम साडेतीन-चार किलोवॅट घेतो, म्हणून आम्हाला पंप बसवणाऱ्याने सांगितलं होतं की साध्या सात किलोवॅटच्या जनरेटरवर आरामात चालेल, आणि मी विश्वास ठेवला. पण ९६ अँपियर गुणिले २४० व्होल्ट म्हणजे क्षणभरासाठी २३ हजार व्होल्ट-अँपियर (ढोबळमानाने २३ किलोवॅटच धरा) होतात, ते सात किलोवॅटवालं मशीन कुठून देणार? गावाकडे पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला बल्ब मान टाकायचा आठवतंय ना, तेच इथे होतं, फक्त इथे व्होल्टेज इतकं पडतं की कंप्रेसर नुसता घुं करून अडकतो, बोर्ड फॉल्ट दाखवून लॉक होतो, आणि असं पुन्हा पुन्हा झालं तर कंप्रेसरची वाइंडिंग तापून जाते. तो बदलायचा खर्च जनरेटरच्या कितीतरी पट आहे.

यावर उपाय म्हणजे सॉफ्ट स्टार्टर. छोटा डबा असतो, कंप्रेसरला हळूहळू उचलतो. इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आणि वॉरंटीला चालतो का हे पंपाच्या कंपनीला आधी विचारा. तो बसवल्यावर इनरश, म्हणजे हाच सुरुवातीचा झटका, मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर आमचा झटका ९६ वरून ३८ वर आला, आणि मग साडेनऊ किलोवॅटचा, २४० व्होल्ट देणारा जनरेटर पुरला. तुमचा पंप इन्व्हर्टर कंप्रेसरचा (वेग कमी-जास्त करणारा) असेल तर हा प्रश्न जवळपास नसतोच, तो मुळातच हळू सुरू होतो, पण त्याला आणि एकूणच कंट्रोल बोर्डला स्वच्छ करंट लागतो, म्हणून टीएचडी, म्हणजे विजेच्या लहरीतला बिघाड, पाच टक्क्यांच्या आत असलेला जनरेटर बघा. प्रोपेन किंवा नॅचरल गॅसवर चालवणार असाल तर पाटीवरचा त्या इंधनाचा वेगळा आकडा वाचा, तो पेट्रोलपेक्षा कमी असतो.

दुसरी गोष्ट ऑक्झिलरी हीट, म्हणजे पंपाच्या आतल्या हीटरच्या पट्ट्या. आमच्या दहा किलोवॅटच्या आहेत, म्हणजे ४२ अँपियर, त्या एकट्याच जनरेटर खाली बसवतील. त्यांचा ब्रेकर बहुतेक वेगळा असतो, जनरेटर जोडायच्या आधी तो बंद म्हणजे बंदच. पंप एका युनिट विजेत साडेतीन-चार युनिट उष्णता आणतो आणि त्या पट्ट्या एकाला एकच, त्यामुळे मोजून आणलेलं पेट्रोल पट्ट्यांवर घालवणं परवडत नाही. वादळाची खबर आली की आदल्या रात्रीच थर्मोस्टॅट दोन-तीन डिग्री वर घेऊन घर तापवून ठेवा, आणि लाईट गेल्यावर ६५-६६ फॅरनहाइटला स्थिर ठेवा.

जोडणीत काटकसर करू नका. ट्रान्सफर स्विच (घर एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर टाकणारा स्विच) किंवा इंटरलॉक, टाउनचं परमिट काढून, लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. इंटरलॉक म्हणजे पॅनलवरची एक सरकती पत्र्याची पट्टी, मेन बंद केल्याशिवाय जनरेटरचा ब्रेकर वर जातच नाही. दोन्हीकडे पिना असलेली वायर ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसणारे लोक आहेत, कृपा करून हे करू नका, तुमचे २४० व्होल्ट खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन हजारो व्होल्ट होतात आणि तिकडे बर्फात तार जोडणारा माणूस जिवाला मुकतो.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धूर खिडक्यांच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. बॅटरीवाले कार्बन मोनॉक्साइड अलार्म प्रत्येक मजल्यावर, नवीन सेल घालून.

पेट्रोलचं गणित आधीच करा. आमची सात गॅलनची टाकी अर्ध्या लोडवर साधारण दहा तास जाते, पण पंप चोवीस तास लागत नाही, सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास चालवला की घर टिकतं. पाच गॅलनचे चार कॅन बाहेरच्या शेडमध्ये ठेवतो, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर टाकून, कारण लाईट नसते तेव्हा पेट्रोल पंपही बंद असतात. थंडीसाठी ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल, एक जास्तीची बाटली, एक स्पार्क प्लग.

आता रंगीत तालीम, आणि ही टाळू नका. ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी मेन खरंच पाडा. थर्मोस्टॅट ऑफ, जनरेटर सुरू, पाच मिनिटं गरम होऊ द्या, मग विहिरीचा पंप, मग फ्रिज, आणि सगळ्यात शेवटी जिओथर्मल. वॉटर हीटर, ड्रायर, शेगडी बंदच. थर्मोस्टॅट लावल्यावर पाच मिनिटं काहीच होत नाही, घाबरू नका, तो कंप्रेसरचा सुरक्षेचा थांबा असतो. मग आधी लूपच्या, म्हणजे जमिनीतल्या नळ्यांत पाणी फिरवणाऱ्या, पंपांची बारीक घरघर येते, आणि नंतर बाहेर जनरेटरचा आवाज एकदम जड होतो, दोन सेकंदात सावरला पाहिजे. नाही सावरला तर लगेच ब्रेकर पाडा.

पॅनलवर मी मास्किंग टेपवर मराठीत चिठ्ठ्या लावल्यात, १ ते ६ आकडे आणि पुढे "विहीर", "फ्रिज", "हा लावायचा नाही". मी ऑफिसात असताना लाईट गेली तर आईला फोनवर सांगता येतं, मागच्या खेपेला तिने आणि शेजाऱ्याने मिळून चालू केलं सगळं.

लाईट परत आली की दहा मिनिटं थांबा, परत जाते बऱ्याचदा. मग थर्मोस्टॅट ऑफ, एकेक ब्रेकर खाली, जनरेटर पाच मिनिटं रिकामा चालवून बंद, आणि मगच मेन. ऑक्झिलरीचा ब्रेकर परत वर करायला विसरू नका, आणि रिकामे कॅन त्याच दिवशी भरून आणा.