रोवणीच्या दिवसांत तलावातला शिंगाडा जपा

भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी आणि शिंगाड्याच्या वेलींची लावणी मागेपुढेच होते. वरच्या बांधीतले (धानाच्या खाचरातले) पाणी मोरीतून खालच्या बांधीत जाते आणि शेवटी बोडीत (लहान तळ्यात) किंवा मालगुजारी तलावात उतरते. त्यासोबत तणनाशक, युरिया, कीडनाशक असे सगळेच उतरते. ‘मी तर डब्यावर लिहिल्याएवढेच टाकले’, असे प्रत्येक शेतकरी सांगतो आणि ते खरेही असते. पण वेलीच्या वाट्याला वीस बांध्यांचे औषध एकत्र येते. एकाच पद्धतीने काम करणारी दोन तणनाशके प्रत्येकी अगदी थोडी असली, तरी त्यांचा मारा बेरजेने बसतो.

धानातल्या रुंद पानांच्या तणावर मारायचे २,४-डी शिंगाड्यालाही सोडत नाही, कारण शिंगाडाही रुंद पानाचाच. मेटसल्फ्युरॉन-क्लोरीम्युरॉनची मिश्र भुकटी तर एकरी ८ ग्रॅमच लागते. एवढ्याशा मात्रेत तण मारणारे औषध पाण्यात उतरले, तर पाणवनस्पतींना ते किती जड जाईल याचा अंदाज करा.

युरिया आणि स्फुरद आले की शेवाळ माजते. पाण्याखालच्या पानांवर त्याचा बुळबुळीत थर बसतो, उजेड अडतो आणि तणनाशकाने आधीच थकलेल्या वेलीला सावरता येत नाही. शिवाय भर दुपारी शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जाऊ शकतो. मग युरियातून आलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. तो वेलींना बाधतो आणि मासळीलाही.

भुंगेऱ्यांसाठी शिंगाड्यावर कीडनाशक फवारतानाही हाच धोका असतो. शेवाळ खाणारे पाण्यातले बारीक जीव त्याने मरतात आणि शेवाळाला मोकळे रान मिळते. अंडी-अळ्या असलेली पाने खुडून पाण्याबाहेर नष्ट करणे कष्टाचे आहे, पण मी तेच सुचवेन.

तणनाशक टाकल्यावर निदान आठवडाभर मोरी बंद ठेवा. त्याआधी बांध, उंदरांची बिळे पाहून घ्या. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी पुढे ढकला. एका तलावाभोवतीच्या शेतकऱ्यांनी आपसांत बोलून दिवस वाटून घेतले, तर सगळ्यांचे औषध एकदम उतरणार नाही. पंप, डबे बोडीत धुऊ नका, ते पाणी पडीक जागेत जिरवा. कपड्यांच्या साबणाचे पाणीही दूरच ठेवा, कारण साबणामुळे औषध पानात जास्त शिरते.

युरिया बांधीत फोकून (वरून पसरून) देण्याऐवजी धान लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत सांगितलेल्या २.७ ग्रॅमच्या युरिया-डीएपी गोळ्या वापरा. रोवणीच्या दिवशीच चार चुडांमध्ये (रोपांच्या झुबक्यांमध्ये) एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचली की खत मुळांजवळ राहते, वाहून जात नाही. बोडीच्या तोंडाशी दहा-बारा फूट पट्ट्यात वाळा किंवा गवत वाढू द्या. वाळ्याची गर्द मुळे गाळ धरतात.

तांब्याच्या बुरशीनाशकाबाबत विशेष सांभाळा. पावसाने भरलेल्या तलावाचे पाणी मऊ (क्षार कमी असलेले) असते आणि मऊ पाण्यात तांबे जास्त घातक ठरते.

नवी पाने वाकडी-पिळलेली दिसली तर २,४-डीचा संशय घ्या, मुळे आखूड, तपकिरी असतील तर तांब्याचा. पण बरेच काही मिसळले की लक्षणेही मिसळतात. अशा वेळी घरच्या घरी एक चाचणी करा. दोन घमेली घ्या, एकात विहिरीचे आणि दुसऱ्यात बोडीचे पाणी. दोन्हींत मूठभर चांगली माती टाका आणि पाण्यावर तरंगणाऱ्या, टिकलीएवढ्या पानांच्या डकवीड या वनस्पतीची मोजून वीस पाने सोडा. घमेली उजेडात, पण पाऊस लागणार नाही अशी ठेवा. सात दिवसांनी पाने पुन्हा मोजा. बोडीच्या घमेल्यातली पाने फारच कमी वाढली किंवा पिवळी पडली, तर त्या पाण्यात नवी वेल लावू नका. चार-आठ दिवस थांबा, वरच्या मोऱ्या बंद करून घ्या आणि मगच पुन्हा मोजणी करा.