पायाला मुंग्या आल्या की बी कॉम्प्लेक्स? या चुका टाळा

"पायाला मुंग्या येतात, बी कॉम्प्लेक्सची एक पट्टी द्या." माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे रोज ऐकते. बी हे एक जीवनसत्त्व नाही. ती आठ आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि सगळ्याच पट्ट्यांत नसांना लागणारं बी-१२ पुरेसं असतं असं नाही. मी पट्टी उलटी करते, मागच्या बारीक अक्षरांतल्या बी-१२ च्या आकड्याभोवती पेनाने गोल काढते आणि मगच हातात देते. घाईतल्या गिऱ्हाइकाला राग येतो. येऊ दे.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बी-१२ न तपासता, "रक्त कमी आहे" म्हणून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहणं.

माझी आत्या जन्माची शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. या गोळीने बी-१२ कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन ८ निघालं तेव्हा शेजारणीच्या सल्ल्याने लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू झालं. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन साडेदहा. घरात सगळे खूश. त्याच दिवसांत चालताना तिच्या पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ता नसायचा. "शुगरमुळे होतं" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, मीसुद्धा. रात्री मोरीत जाताना ती भिंत धरायला लागली तेव्हा तपासणी केली. बी-१२ निघालं ९०, लॅबची खालची मर्यादा २००.

फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे बी-९. ते भरपूर मिळालं की बी-१२ नसतानाही रक्तपेशींचं अडलेलं काम पुढे सरकतं. नसांवरचं आवरण टिकवायला मात्र बी-१२ च लागतं. म्हणजे रिपोर्ट सुधारतो आणि नसा झिजत राहतात. इंजेक्शनांनी आत्याची चाल सुधारली, पण डाव्या तळव्याची बधिरता गेली नाही ती नाहीच.

फॉलिक अ‍ॅसिड वाईट, असं कुणी यातून घेऊ नका. त्याचा माग तर आपल्या मुंबईतच लागला. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक अ‍ॅसिड ठरलं. गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेली गोळी अजिबात थांबवू नका. सोबत बी-१२ तपासायचं का, एवढं विचारा.

दुसरी चूक: पाच इंजेक्शनं झाली, बरं वाटलं, बंद. अहो, जेवण तेच, मेटफॉर्मिन तीच, वयही परत फिरलेलं नाही, मग पातळी टिकेल कशी? यकृतात साठा असतो, त्यामुळे घसरण सावकाश होते आणि लक्षात येत नाही. आत्याच्या पुढच्या इंजेक्शनाची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते. मोबाईलवरचा अलार्म ती बंद करून टाकते.

आधी आठवडाभर गोळ्या आणि मग तपासणी, हेही नको. आकडा फुगलेला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते. रक्त आधी द्या.

स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्यांवर विसंबू नका, त्यांतलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही. शाकाहाऱ्यांसाठी दूध, दही, ताक, पनीर खरं.

तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नका, पेज ओतून देऊ नका. बी-१ पाण्याबरोबर जातं.

गोळीनंतर लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नका, तो बी-२ चा रंग.

आणि "लवकर गुण यावा" म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्या एकदम घेणाऱ्यांनो, त्यांतल्या बहुतेकांत बी-६ असतं. महिनोन्‌महिने जास्त मात्रेत घेतलं तर त्यानेच हातपाय बधिर होतात. घरात चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून दुकानात आणा. बेरीज मी करून देते, मग डॉक्टरांकडे जा.