वायफायच्या सगळ्या दांड्या, तरी रात्री नेट रखडायचं: चॅनेल बदलून सुटलेला प्रश्न

लक्षण असं: सिग्नल पूर्ण, पण रात्री व्हिडिओ सारखा अडकतो. केबल लावली की त्याच वेळी वेग व्यवस्थित. म्हणजे लाइन ठीक, गर्दी हवेत: शेजारच्या राउटरांचे सिग्नल त्याच चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या लहरींच्या त्याच मार्गिकेवर. राउटर रीस्टार्ट करून, जागा बदलून उपयोग झाला नाही. फार वैताग आला.

उपाय, याच क्रमाने:

आधी फोनवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ या वायफाय पट्ट्याचा आलेख (कोणत्या चॅनेलवर किती राउटर आहेत ते) पाहा, तोही नेट रखडतं त्याच वेळी. दुपारचं चित्र फसवं असतं. मग राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. वायरलेस सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून काढा आणि १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा; ४० केली तर जवळपास अर्धा पट्टा व्यापतो. सेव्ह करा, वायफाय पुन्हा जोडा.

३ किंवा ४ रिकामा दिसला तरी घेऊ नका. चॅनेल ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर, पण सिग्नल साधारण २० रुंद, त्यामुळे १ आणि ६ दोन्हींचा त्रास होतो. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. ३-४ सारख्या मधल्या चॅनेलवरचा सिग्नल मात्र नुसता गोंगाट ठरतो.

तिन्ही भरलेले असतील तर दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झवर जा. भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो, पण त्याच खोलीत उत्तम चालतो.