'झोपू दे, सकाळी उतरेल' म्हणायच्या आधी एवढं बघा

रूमवर कोणी जास्त घेऊन आडवा झाला की सगळे एकच बोलतात, झोपू दे रे, सकाळी उतरेल. मी पण बोललोय. आता तसं बोलायच्या आधी काय बघतो ते सांगतो.

आधी नावाने जोरात हाक मारा, खांदे हलवा, तरी हूं नाही की चूं नाही तर मुठीची पेरं छातीच्या मधल्या हाडावर दाबून घासा, चांगलंच दुखतं ते, शुद्धीत असलेला माणूस शिवी तरी घालतोच. एवढं करूनही काही नाही तर ती झोप नाहीये, सरळ अॅम्ब्युलन्सला फोन. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मोबाइलवर टायमर लावून श्वास मोजा. मिनिटाला ८ पेक्षा कमी, किंवा दोन श्वासांमध्ये १० सेकंदांची गॅप, किंवा ओठ-नखं निळसर पडलेली, म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय.

घोरण्यावर तर अजिबात जाऊ नका. "मस्त घोरतोय की" म्हणून दार ओढून घेतात, आणि तो आवाज असतो गुरगुरीचा, घशात पाणी अडकल्यासारखा.

त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून टेकवा, वरचा हात गालाखाली, तोंड थोडं जमिनीकडे. उताणा ठेवला आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. कॉफी, गार पाणी, घशात बोटं घालणं हे सगळं बंद. शेवटचा पेग पोटात असतो, तो रक्तात चढतच राहतो, त्यामुळे तासाभरापूर्वी बडबडणारा आता गप्प झाला तर ती उतरली असं समजू नका.

हेरॉइन किंवा तसल्या पेनकिलर गोळ्या असतील तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नॅलोक्सोन स्प्रे (असल्या मालाचा असर उतरवणारं औषध) हाताशी असेल तर एका नाकपुडीत मारा, २-३ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा. उठून बसला तरी हॉस्पिटलला न्याच, स्प्रेचा असर ३० ते ९० मिनिटांत जातो आणि माल अंगात तसाच असतो, परत बुडतो माणूस. डॉक्टरला काय घेतलंय ते खरं सांगा, पाकीट सोबत न्या, झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र असेल तर ते पहिलं सांगा. इज्जतीचं नंतर बघू.

अजून एक, व्यसन सुटलेल्यांबद्दल. महिना-दोन महिने व्यसनमुक्ती सेंटरमध्ये राहून आलेल्याचं शरीर जुना डोस विसरलेलं असतं, तो पूर्वीएवढाच घेतो आणि जातो. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, थरथर, ताप, यातही जीव जातो. म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवायला जाऊ नका, आधी डॉक्टर गाठा, ते गोळ्या सुरू करून हळूहळू कमी करत नेतात.