नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीत) गाडी लावताना फुटपाथचा रंग कसा वाचायचा

फुटपाथच्या कडेला अन डिव्हायडरला जे काळे-पांढरे चौकोन रंगवले असतात ना, त्याचा पार्किंगशी काहीच संबंध नाही, रात्री हेडलाईटमध्ये कड दिसावी म्हणून ते असतात. तरी बरेच जण त्याला परवानगी समजून गाडी लावून राहिले.

बघायची ती पिवळी रेघ. रस्त्याच्या कडेला अखंड पिवळा पट्टा दिसला म्हणजे तिथं गाडी लावायचीच नाही. मग बोर्ड बघा. निळ्या गोलावर एक लाल तिरपी रेघ म्हणजे नो पार्किंग, अन दोन रेघांची फुली असली तर थांबायचंही नाही, दोन मिनिटं पोहे घेऊन येतो म्हणूनसुद्धा नाही. सम-विषम तारखेचा बोर्ड असला तर रात्री गाडी ठेवताना लक्षात असू द्या की बारा वाजता तारीख बदलते.

आता खरी गोष्ट, रेघ नाही बोर्ड नाही तरीही मनाई असलेल्या जागा. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसस्टॉप, शाळा-दवाखान्याचं गेट, कोणाच्याही घराचं फाटक, उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी गाडी. आणि चौकापासून ५० मीटर, म्हणजे दहा-बारा कारची लांबी धरा. व्हरायटी चौकात हे किती जण पाळतात ते आपण रोज बघतो, पण मेडिकल चौकाकडं कोपऱ्यावर लावलेल्या एका गाडीमुळं ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा जीव तुटतो हो, तिथं तरी नका लावू.

घरमालकानं स्वतः भिंतीवर 'नो पार्किंग' लिहिलं तर त्यानं सरकारी मनाई होत नाही, पण फाटक अडवलं तर चूक तुमचीच.

दंड पहिल्यांदा ५००, नंतर १५०० रुपये, टोइंगचा खर्च वेगळा. गाडी उचलायला गणवेशातल्या पोलिसाची परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्येच आहे हे, म्हणून नुसती टोइंगवाली पोरं दिसली तर साहेब कुठं आहेत ते शांतपणे विचारा, भांडू नका. ई-चलान महाट्रॅफिक ॲपवर गाडी नंबर अन चेसिसचे शेवटचे ४ आकडे टाकले की दिसते. चुकीचं वाटलं तर तिथंच तक्रार टाकता येते, म्हणून शंका असलेल्या जागी गाडी लावली की बोर्ड अन गाडी दोन्ही येतील असा एक फोटो तेव्हाच काढून ठेवा.