दिवस राहत नाहीत? आधी नवऱ्याची तपासणी करा

वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहत नसतील तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिनेच थांबायचं, आणि पाळी दोन-दोन महिने चुकत असेल तर तेवढंही नाही. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग ओपीडीतून सुरुवात करता येते. पण जायचं दोघांनी. सासूबाईंसोबत एकट्या सुनेला पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही दोष निघतो.

म्हणून वीर्य तपासणी सगळ्यात आधी. ती स्वस्त आहे, दुखत नाही. त्याआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस वीर्य बाहेर पडू द्यायचं नाही. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम वापरू नका. सुरुवातीच्या थेंबांत शुक्राणू जास्त असतात, ते सांडले तर लॅबला सांगा. शक्यतो नमुना तिथेच द्या. घरून न्यायचाच असेल तर डबी अंगालगत ठेवून तासाभरात पोहोचवा. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट खराबच येणार.

मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची किमान पातळी. त्याखाली आकडा आला तर घाबरू नका, तपासणी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मधे डेंग्यू-टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून करा. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगाच. त्या इंजेक्शनांनी शुक्राणू शून्यावर येऊ शकतात.

बायकोच्या एफएसएच, एलएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. थायरॉईड आणि एएमएच (अंड्यांचा साठा किती उरलाय ते सांगणारी तपासणी) कधीही. अंडं फुटलं की नाही हे सांगणारी प्रोजेस्टेरॉनची तपासणी एकविसाव्या दिवशी करतात, पण ते २८ दिवसांच्या पाळीला. पाळी ३५ दिवसांची असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी करा, नाहीतर अंडं फुटत असूनही ‘फुटत नाही’ असा निष्कर्ष निघतो. गर्भनलिकांचा, म्हणजे नळ्यांचा एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत. तोवर त्या महिन्यात संबंध नको. नळी आखडल्यानेही कधी बंद दिसते. खरंच बंद असेल तर टीबीची तपासणी सुटता कामा नये.

विदर्भात सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. दोघांचीही रक्ततपासणी उपचाराआधीच उरका.

आययूआयला, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराला, किमान एक नळी उघडी लागते. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) साधारण १०-१२ दिवस इंजेक्शनं, शेवटच्या इंजेक्शननंतर ३४-३६ तासांनी अंडी काढणं, मग लॅबमध्ये तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडणं. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने सेंटर नोंदणीकृत हवं, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५. रामदासपेठ-धंतोलीत कुठेही गेलात तरी नोंदणी क्रमांक विचारा आणि इंजेक्शनं, गर्भ गोठवणं धरून खर्च लिहून घ्या. इंजेक्शनांनंतर पोट फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला तर त्याच रात्री सेंटरला फोन करा.